घडीच्या आतलं नाव

तुमच्या घरात, शोकेसमध्ये, टीव्हीशेजारी किंवा देवघराच्या कोपऱ्यात एखादी गारगोटी आहे ना? नाशिककडच्या घरात बहुतेक असतेच. कोणीतरी कधीतरी दिलेली, पांढरी किंवा फिकट गुलाबी, उन्हात धरली की लखलखणारी. मग मला एवढंच सांगा, जमिनीतून ती पहिल्यांदा कोणाच्या हातात आली? तुम्हाला कोणी दिली ते विचारत नाहीये. काढली कोणी?

नाही ना सांगता येत? मीही अशीच अडकले होते. तीन वर्षांपूर्वी, एक मेला, सिन्नरच्या अलीकडच्या एका जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात. समोर एक बाई असंच काहीसं विचारत होती, आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरच्या मोरीतून वाहून गेलं होतं.

आता पुन्हा एप्रिल आलाय. द्राक्षांचा तोडा संपला, बागांची खरड छाटणी सुरू झाली. बांधावर छाटलेल्या काड्यांचे ढीग वाळताहेत. त्यांचा तुरट, लाकडी वास सिन्नर रस्त्याला लागलं की बसच्या खिडकीतून आत येतो आणि पुढचा फाटा येईपर्यंत जात नाही. याच दिवसांत विहिरी खोल करायची कामं निघतात. ट्रॅक्टरमागे बांधलेल्या याऱ्या, म्हणजे विहिरीतून दगड वर ओढणारी ती लांब मानेची यंत्रं, या गावातून त्या गावात जाताना दिसतात. दुपारी जेवणं उरकली की सुरुंग उडतात. आधी शिट्टी, मग रस्ता अडवून लाल फडकं हलवणारा माणूस, मग जमिनीच्या पोटातून धप्प आवाज. बसमधले लोक मोबाइलमधून मानही वर काढत नाहीत. मी मात्र तो आवाज आला की माझ्या हातांकडे बघते. ते कोरडे आहेत ना, याची खात्री करून घेते.

माझे बाबा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होते आणि नोकरीइतकेच युनियनमध्ये होते. आमच्या घरात खेळण्यांपेक्षा पत्रकं जास्त. गुलाबी, पिवळी, हिरवी, स्वस्त कागदाची, बोटाला रंग लावणारी. मला अक्षरओळख झाली ती ‘कामगार बंधू-भगिनींनो’ या ओळीवर. पत्रकाची घडी घालणं हे माझं काम. आधी उभी, मग आडवी, मग अंगठ्याच्या नखानं कड दाबायची. चौथीत असताना मी टीव्ही बघत, खाली न बघता, गठ्ठेच्या गठ्ठे संपवायचे. बाबा म्हणायचे, “शेवटी वाचणाऱ्यानं काय करायचं ते सांगितलं नसेल तर ते पत्रक नाही, रद्दी.” पुढे कॉलेजात मी स्वतः पत्रकं लिहायला लागले आणि माझ्या प्रत्येक पत्रकाच्या शेवटी वाचणाऱ्याला काहीतरी काम असायचंच. पण मजकूर कितीही पेटलेला असला तरी घडी मात्र सरळ हवी, हे माझ्या हाडात होतं. घडी मला लांबूनही दिसायची.

असं मला वाटायचं.

तात्या आमच्याकडे यायचे ते उरलेली पत्रकं न्यायला. एसटीत कंडक्टर होते, निवृत्त झालेले, आमच्याच गल्लीत दोन घरं सोडून राहायचे. दारातूनच विचारायचे, “काय पत्रकवाल्या बाई, आज कोणाचा धिक्कार?”

आई चहा टाकत म्हणायची, “तात्या, तुम्ही तरी वाचता का हो ही?”

“छे हो वहिनी. मला नुसता कडेचा कोरा कागद लागतो. मधलं यांनी आधीच घाण करून ठेवलेलं असतं.”

बाबा सगळ्यात मोठ्यानं हसायचे.

त्या कडेच्या कोऱ्या पट्ट्या तात्या कात्रीनं कापून घ्यायचे आणि त्यांच्या चिठ्ठ्या करायचे. त्यांच्या दगडांसाठी. तात्यांकडे बोरापेक्षा मोठा दगड नव्हता. “मोठा दगड श्रीमंताचा,” म्हणायचे, “त्याला टेबल लागतं. बारका खिशात राहतो, माणसाबरोबर बसमध्ये बसतो.” सराफ बाजारातून जोडव्यांच्या पारदर्शक डब्या आणायचे, तळाला कापूस, त्यावर दगड, आणि डबीच्या बुडाला बाहेरून चिकटवलेली चिठ्ठी. काय काय होतं त्या डब्यांमध्ये! गव्हाच्या पेंढीसारखा मधे आवळलेला आणि दोन्ही टोकांना उघडलेला गुलाबी स्टिलबाइट. सुयांचा पांढरा झुबका, ज्याच्याकडे श्वास रोखून बघायचं, कारण बोट लागलं की सुया मोडतात. आणि ॲपोफिलाइट. काचेसारखा स्वच्छ, कडा इतक्या धारदार की कोणीतरी पैलू पाडलेत असं वाटावं. त्यातले दोन हिरवे होते. पाण्यात एक थेंब कैरीचा रस टाकला तर जसा दिसेल, तसा हिरवा. तात्या ते दोन डाव्या तळहातावर ठेवून उजव्या हाताची सावली करायचे. मग सावली काढायचे. हिरवा उजळायचा.

“लाखो वर्षं अंधारात होता हा,” म्हणायचे. “आणि बाहेर आला तो कोणाचं तरी बोट धरून.”

हे बोट मी का ऐकलं नाही, कोण जाणे.

त्यांना दगडापेक्षा दगडाच्या मागचे हात जास्त प्रिय होते. एखादा दगड मिळाला की तो त्यांच्याआधी कोणाकडे होता, त्याच्याआधी कोणाकडे, हे शोधत ते फिरायचे. तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांच्याबरोबर मी फिरले, कारण मोतीबिंदू वाढला होता आणि बसच्या पाट्या वाचायला कोणीतरी हवं होतं. सिन्नरला एका डॉक्टरांच्या टेबलावर पेपरवेट म्हणून असलेली गारगोटी त्यांना एका वकिलांनी दिलेली निघाली आणि वकिलांना एका बागाईतदारानं. पिंपळगावला कांद्याच्या व्यापाऱ्याच्या घरी एक म्हातारी आजी गारगोटीला देवात ठेवून रोज आंघोळ घालायची.

तात्या देव्हाऱ्यासमोर मांडी घालून बसले. “आजी, हा तुमच्याकडं कुठनं आला?”

“देव कुठनं येतो? हाय म्हणजे हाय.”

“तसं नाय. दिला कोणी?”

“तुला काय करायचंय? नेतो का काय?”

“नेत नाय. नाव लिहून घेतो फक्त.”

आजीनं माझ्याकडे आणि माझ्या वहीकडे बघितलं. “मंग माझं बी लिही. आंघोळ मी घालते त्याला. सून नाय घालत. सुनेचं लिहू नको.”

परतीच्या बसमध्ये आम्ही नाशिक येईपर्यंत हसत होतो. मला ते दिवस फार आवडले होते, हे मी आधी सांगून टाकते. रागाच्या भरात माणूस पहिल्यांदा हेच विसरतो.

कारण रागही होताच. प्रत्येक साखळी मागे मागे जात शेवटी एकाच ठिकाणी थांबायची. पाटील, बागाईतदार, नाहीतर खाणीचा ठेकेदार. मी विचारायचे, “त्याच्या आधी?”

“त्याच्या आधी विहीर.”

“आणि विहिरीत कोण होतं तात्या?”

तात्या खिडकीबाहेर बघायचे. “विहिरीत अंधार असतो मुक्ता.”

मला चीड यायची. चाळीस-पन्नास फूट खाली उतरून, पहारीनं दगड फोडून, कोणीतरी माणूस कातळातली स्फटिकांनी भरलेली पोकळी उघडतो. आतला ओला, कोंदट वास त्याच्याच नाकात पहिला जातो. आत हात तोच घालतो. आणि चिठ्ठीवर नाव कोणाचं? ज्याच्या सातबाऱ्यावर विहीर आहे त्याचं! आणि तात्या, माझ्या बाबांचे मित्र, ज्यांनी आयुष्यभर खाकी घातली, ते ही नावं वळणदार अक्षरात लिहून जपून ठेवतात. मला तात्यांची लाज वाटली. आता ते वाक्य लिहिताना माझी वाटते.

मार्च संपता संपता ठरलं की सगळा संग्रह त्या शाळेला द्यायचा. शाळेनं एक कपाट आणि व्हरांड्याची भिंत दिली. उद्घाटन कधी, असा विषय निघाला तेव्हा मी टेबलावर हात आपटून म्हणाले, एक मे. कामगार दिन. तात्या एकदम माझ्याकडे बघत राहिले आणि मग इतके प्रसन्न हसले की मला वाटलं, माझ्या बोलण्याचा परिणाम झाला.

मग ते डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे पुण्याला गेले. डब्यांची पेटी आमच्याकडे ठेवून गेले. दारात चपला घालताना म्हणाले, “डब्या पुसून ठेव. चिठ्ठ्यांचं मी आल्यावर बघतो.”

मी हो म्हणाले.

दोन दिवस मी पत्रक लिहिलं. शीर्षक होतं, ‘या दगडांना मालक नाही!’ उद्गारचिन्ह बाबांना जरा मोठं वाटलं, पण मजकूर आवडला. तिसऱ्या दिवशी दुपारी पेटी उघडली. एकेक डबी उलटी केली. बुडाशी गुलाबी, पिवळी चिठ्ठी, त्यावर निळ्या शाईत नावं. रावसाहेब अमुक. त्यांचेकडून वकील तमुक. त्यांचेकडून... माझं डोकं तापलं. एक मेला ही नावं शाळेच्या भिंतीवर? मुलांनी ही वाचायची? ज्यांनी खाली वाकून कधी खडा उचलला नाही त्यांची?

लोकांना मी नंतर सांगितलं की तात्यांच्या डोळ्यांना त्रास नको, म्हणून मी चिठ्ठ्या काढल्या. नव्या मीच लिहिणार होते. ते खोटं आहे. मी रागानं काढल्या. तात्यांचं सांगणं मला नीट आठवत होतं आणि माझं म्हणणं त्यांच्यापेक्षा बरोबर आहे याची मला खात्री होती.

दगड काढून मी वर्तमानपत्रावर मांडले, रंगाप्रमाणे, कारण भिंतीवर ते तसे छान दिसणार होते. टबात गरम पाणी, साबणाचा चुरा. डब्या त्यात सोडल्या. डिंक सुटायला लागला, चिठ्ठ्या वर आल्या, पाण्यावर तरंगल्या. पत्रकाच्या कागदाचा गुलाबी रंग आणि तात्यांची निळी शाई मिळून पाणी जांभळं झालं. मला ते सुंदर वाटलं. मी आईला हाक मारून दाखवलं. आई म्हणाली, “जांभळाच्या रसासारखं दिसतंय गं.” आणि मी टब मोरीत उपडा केला.

डब्या पुसून गॅलरीत वाळत घातल्या आणि चहा प्यायला बसले तेव्हा माझ्या कोपराला काहीतरी चिकटलेलं दिसलं. एक पिवळी चिठ्ठी. ऊन लागून ती वाळत होती आणि वाळताना तिची एक कड उचलली गेली होती. मी ती सोलून काढली. तिच्या दोन पदरांमध्ये माझं नख शिरलं.

चिठ्ठी दुमडलेली होती. उभी घडी. कड नखानं दाबलेली, अगदी सरळ. आतल्या बाजूला, बाहेरच्यापेक्षा बारीक अक्षरात, पुसट होत चाललेलं लिहिलं होतं, ‘काढणारा: दगडू, यारीवरचा’. पुढे गावाचं नाव असावं. तिथे नुसता निळा डाग होता.

मी मोरीत धावले. जाळीवर लगदा होता. त्यातून आठ-दहा तुकडे निघाले, ते परातीत पसरून वाळवले, उलगडले. ‘काढणारी: सखू’. ‘काढणारा: रामचंद्र, याचा हात तेव्हा चिरला’. ‘काढणारे बापलेक, नावं सांगत नाहीत’. बाकी सगळं जांभळं.

प्रत्येक डबीवर बाहेर मालकाचं नाव होतं आणि घडीच्या आत, जो खाली उतरला होता त्याचं. मी जे पत्रकात मागत होते ते तात्या वीस-बावीस वर्षं करत होते. आणि ज्या कागदाच्या घड्या घालत मी मोठी झाले, त्याच कागदाची घडी मला दिसली नव्हती.

तात्यांना फोन करायला हवा होता. ऑपरेशन झालंय, डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणतात, असं कारण मी स्वतःला दिलं आणि आठवडाभर फोन केला नाही. त्या आठवड्यात रोज दुपारी सुरुंग उडत होते. त्या आठवड्यात पत्रकही छापून आलं. गुलाबी कागदावर. गठ्ठा दारामागे पडून होता. बाबा म्हणाले, “घड्या घालायच्या ना?” मी म्हणाले, उद्या.

तात्या आले ते काळा गॉगल लावून, रुबाबात. “हिरो दिसतो का नाही वहिनी?” खुर्चीत बसले, पेटी मांडीवर घेतली, एक डबी उचलली आणि झाकणाकडे न बघता ती उलटी करून बुडावरून अंगठा फिरवला. जुनी सवय. अंगठा गुळगुळीत प्लॅस्टिकवरून घसरला. दुसरी डबी. तिसरी. चौथ्या डबीला त्यांनी गॉगल काढला, डॉक्टरांनी काढू नका सांगितलेला.

“घडी कुठं गेली मुक्ता?”

मी परात पुढे ठेवली. त्यात ते वाळलेले तुकडे होते.

त्यांनी एकेक तुकडा उचलला, वाचला, खाली ठेवला. आई काहीतरी बोलायला गेली, बाबांनी तिला हातानं थांबवलं. मीच विचारलं, “मला सांगितलं का नाही तात्या? दोन महिने मी तुमच्याबरोबर फिरले.”

“सांगितलं असतं तर तू छापलं असतंस.”

छापलं असतं. पहिल्याच आठवड्यात, मोठ्या टायपात, गावाच्या नावासकट.

मग ते हळूहळू, जणू बसमधल्या उतारूला मार्ग सांगावा तसे, सांगत गेले. विहिरीत जे निघेल ते शेताच्या मालकाचं, खाणीत निघेल ते ठेकेदाराचं, असा रिवाज. खालच्या माणसानं एखादा खडा भाकरीच्या फडक्यात बांधून आणला आणि ते कळलं, तर पुढच्या विहिरीवर त्याला कोणी उतरवत नाही. सिन्नरच्या बसमध्ये ही माणसं संध्याकाळी चढायची, अंगावर पांढरी धूळ. कोणीतरी तिकिटाबरोबर मुठीतून खडा सरकवायचं. कंडक्टर भाऊ, ठेवा. त्यांना दुसरं काही नको असायचं. नाव लिहा, एवढंच म्हणायचे. पण कुणाला दाखवू नका. म्हणून घडी, आणि बाहेर विहीरवाल्याचं नाव; जे दगड साहेबलोकांकडून आले त्यांचे काढणारेही हीच माणसं सांगायची. आता त्यातले बरेच जण थकले, काही गेले, कोणाचं कामच सुटलं. आता नाव उघडलं तरी कोणाचं नुकसान होणार नव्हतं.

“एक मे म्हणालीस तेव्हा मला वाटलं, बरं झालं,” तात्या म्हणाले. “त्याच दिवशी सगळ्यांसमोर घड्या उघडायच्या. चार जणांना निरोप पण धाडलेत.”

त्या चार जणांत सुमनबाई होती.

एक मेचं झेंडावंदन झालं, मुलांना निकालपत्रकं वाटली गेली, आणि लोक व्हरांड्यात आले. मधल्या दिवसांत तात्यांनी आठवून आठवून बऱ्याच दगडांची नावं पुन्हा सांगितली होती, मी लिहून घेतली होती. जिथे खात्री तिथेच. नाहीतर ते मान हलवायचे आणि डबी बाजूला ठेवायचे. बाजूच्या डब्या जास्त झाल्या होत्या. दोन्ही हिरवे त्यातच होते.

सुमनबाई पिंपळगावहून शेअर जीपनं आली होती, दोन जीपा बदलून. द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये काम करायची. बोटांच्या टोकांना कात्रीनं घट्टे पडलेले. तिचा नवरा, किसन, यारीवर होता आणि आठ वर्षांपूर्वी एका विहिरीत दरड अंगावर येऊन गेला होता. त्यानं तिला एवढंच सांगितलेलं, कंडक्टर भाऊंकडं माझा एक खडा हाय, हिरवा, बोराएवढा, त्याच्यावर माझं नाव हाय. तिनं तो कधी बघितला नव्हता. तिच्या नवऱ्याचं नाव कुठल्या भिंतीवर, कुठल्या पाटीवर नव्हतं. रेशनकार्डावरून पण कमी झालेलं.

“कंडक्टर भाऊ,” ती म्हणाली, “कोनता हो आमचावाला?”

तात्या एका डबीचं झाकण पुसत राहिले. माझ्याकडे बघितलंही नाही. ते मला बोलायला जागा करून देत होते, हे मला कळलं.

“मावशी, चिठ्ठ्या मी धुतल्या.”

“धुतल्या म्हंजे?”

“पाण्यात. नावं गेली.”

“का गं बाई?”

पत्रक माझ्या हातात होतं. या दगडांना मालक नाही. मी म्हणाले, “मला वाटलं, त्यावर नुसती मालकांची नावं आहेत.”

“मंग उघडून नाय का बघायचं?”

एवढंच. आवाज चढवला नाही तिनं. कोणीतरी दुधाचं पातेलं उघडं ठेवलं तर जसं विचारावं, तसं विचारलं.

मी दोन्ही हिरव्या डब्या तिच्यासमोर धरल्या. तात्यांनी तेव्हा सांगितलं, दोन्ही एकाच विहिरीतले, एकाच आठवड्यातले. एक किसनचा. दुसरा त्याच्याबरोबरच्या एका माणसाचा, पेठ तालुक्याकडून हंगामापुरता आलेला, सावळा, कमी बोलणारा. पुन्हा कधी दिसला नाही. नाव? नाव चिठ्ठीतच होतं.

सुमनबाईनं दोन्ही दगड दोन तळहातांवर घेतले. व्हरांड्याच्या कडेला उन्हात गेली. खूप वेळ बघत राहिली. एकदा डावा नाकाजवळ नेला आणि पुन्हा खाली केला. मला ते बघवेना. माझ्याकडे पेन होतं, कोऱ्या चिठ्ठ्या होत्या. एक नाव लिहायचं होतं फक्त. उजव्या दगडाकडे बोट करून मी म्हणाले, “मावशी, हाच आहे. लिहिते मी किसनकाकांचं नाव.”

“ठरलं का तसं?”

“ठरलं नाही. पण...”

“मंग नको लिहू.”

“मावशी, कोणाचं काय बिघडणार आहे?”

तिनं दगड एकेक करून कापसावर परत ठेवले. “त्या पेठवाल्याची बाई आली एखाद्या दिवशी, तर तिला काय दावशील? आमच्या घरच्याचं नाव?”

मी आयुष्यात पुष्कळ भाषणं ऐकली आहेत, काही केलीही आहेत. त्या वाक्यापुढे मला त्यातलं एकही आठवत नाही.

जीप चुकेल म्हणून ती चहाला थांबली नाही. पायऱ्या उतरताना मागे वळून म्हणाली, “पुढच्या साली येते मी. त्याचं नाव हुडकून ठेव. त्याचं घावलं म्हंजे आमचं आपोआप घावंल.”

किती साधं गणित. दोघांपैकी एकाचा दगड कुठला हे सांगू शकेल असा माणूस उरला असेल तर तोच. आपल्या हातानं काढलेला खडा माणूस विसरत नसणार.

दोन्ही हिरवे दगड अजून त्या कपाटात आहेत. मी त्यांच्या चिठ्ठ्या लिहिल्या. बाहेरच्या बाजूला, उघड: ‘काढणारे दोघं. किसन, आणि पेठकडचा एक माणूस. कोणता कोणाचा हे माहीत नाही, कारण मूळ चिठ्ठ्या मुक्तानं न उघडता धुतल्या.’ मुलं वाचतात आणि विचारतात, मुक्ता कोण. शिक्षक माझ्याकडे बोट दाखवतात. ते ठीक आहे. या दगडांच्या मागच्या हातांमध्ये माझेही हात आहेत आता, ओले. त्यांनाही नोंदीत जागा हवी. पत्रकाचा गठ्ठा मी वाटला नाही. तात्या आता त्याचेच समास कापतात. “एवढं मोठं उद्गारचिन्ह टाकतेस,” म्हणतात, “कडेला जागाच ठेवत नाहीस.”

सुमनबाई पुढच्या वर्षी आली. त्याच्या पुढच्याही. दोन्ही वेळा मी नाही म्हणून मान हलवली, तिनं दगड उन्हात नेऊन बघितले आणि जीप पकडली. मी पेठला गेले आहे, हरसूलच्या बाजारात उभी राहिले आहे, इकडे हंगामाला येणाऱ्या टोळ्यांना विचारलं आहे. एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, “नाव काय तेचं?” मी म्हणाले, तेच शोधतेय. तो हसला, मग हसायचा थांबला. सिन्नरकडच्या विहिरींवर यारी उभी दिसली की उतरते, कडेवरून खाली वाकते. खाली माणसं मुंगीएवढी, डोक्यावर पिवळी हेल्मेटं. मी वरून ओरडून नाव विचारते. खालून आवाज येतो, घुमत, अर्धा तुटलेला. मी कान लावते. ऐकू येईपर्यंत पुन्हा विचारते. वरचा मुकादम मला वेडी समजतो.

यंदाचा एक मे जवळ आलाय. ती येणार. सकाळच्या पहिल्या जीपनं, धुतलेलं लुगडं नेसून, बोटांवर हंगामातल्या द्राक्षदेठांचे डाग अजून न गेलेले. कोनता हो आमचावाला, म्हणून विचारणार.

म्हणून हे लिहिलं. आणि बाबांच्या सांगण्याप्रमाणे, वाचणाऱ्यानं काय करायचं ते शेवटी सांगते. पेठ, हरसूल, सुरगाणा या बाजूचे कोणी हे वाचत असाल, तर आज घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाशेजारी बसा आणि विचारा: सिन्नरकडच्या विहिरीत तुम्ही कधी हिरवा खडा काढला होता का, बसच्या कंडक्टरला दिला होता का? आणि तुम्ही कुठलेही असाल, तर आत्ता उठा, तुमच्या घरातली ती गारगोटी हातात घ्या. ज्यानं दिली त्याला फोन करा. त्याच्या आधीचं नाव विचारा, त्याच्या आधीचं, आणि विहिरीपाशी थांबू नका. नाव मिळालं तर कागदावर लिहून खाली चिकटवा, ठळक, घडी न घालता. आणि गारगोटी उलटी केल्यावर खाली आधीचीच एखादी चिठ्ठी सापडली, तिच्यावर कितीही नकोसं नाव असलं, तरी तिला पाणी लावू नका. आधी उघडून बघा.